फर्मवेअर अपडेटनंतर लॅपटॉप थेट विंडोजमध्येच सुरू होतो. बदललेला बूट क्रम टिकत नाही

प्रश्न

नमस्कार. माझ्या लॅपटॉपमधील एकाच एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) डिस्कवर विंडोज ११, उबुंटू आणि फेडोरा अशा तीन ऑपरेटिंग सिस्टिम आहेत. तिन्ही यूईएफआय (जुन्या बायोसच्या जागी आलेल्या) पद्धतीने बसवलेल्या आहेत, डिस्कवर जीपीटी प्रकारचा पार्टिशन तक्ता (डिस्कच्या विभागांची नोंद) आहे आणि सिक्युअर बूट (मान्य स्वाक्षरीचेच प्रोग्रॅम सुरू होऊ देणारी सोय) चालू आहे. पूर्वी लॅपटॉप सुरू केला की उबुंटूच्या ग्रब या बूटलोडरचा (सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रॅमचा) मेन्यू येत असे आणि त्यातून हवी ती सिस्टिम निवडता येत असे. फर्मवेअरचे (मदरबोर्डवरील मूळ प्रोग्रॅमचे) नवे अपडेट बसवल्यापासून तो मेन्यू येतच नाही आणि लॅपटॉप सरळ विंडोजमध्ये सुरू होतो.

उबुंटू आणि फेडोरा नाहीशा झालेल्या नाहीत, कारण सुरू होताना बूट मेन्यूची कळ दाबली तर त्या यादीत दोन्हींची नावे दिसतात आणि तिथून त्या व्यवस्थित सुरूही होतात. उबुंटूमध्ये जाऊन मी ‘एफीबूटएमजीआर’ या आज्ञेने उबुंटूला पहिला क्रमांक दिला. आज्ञा कोणतीही तक्रार न करता पूर्ण होते आणि नवा क्रम लगेच दिसतोही. पण लॅपटॉप पुन्हा सुरू केला की विंडोज पहिल्या क्रमांकावर आलेले असते. फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये बूट क्रमाची यादी आहे, मात्र तिच्यात हार्ड डिस्क, यूएसबी, नेटवर्क अशी साधनांची नावे आहेत, ऑपरेटिंग सिस्टिमची नाहीत.

दुसरी एक अडचण जुनीच आहे. फेडोरात कर्नल (सिस्टिमचा गाभा) अपडेट झाला की उबुंटूच्या ग्रब मेन्यूत तो दिसत नाही आणि काही अपडेटनंतर मेन्यूतील फेडोराची ओळ चालेनाशी होते. या दोन्ही गोष्टींसाठी ग्रब नव्याने बसवावा का, की मुळात दोष दुसरीकडे आहे?

प्रतिसाद १

ग्रब नव्याने बसवण्याची घाई करू नये. आपण दिलेल्या लक्षणांवरून ग्रब शाबूत आहे. त्याच्यापर्यंत पोहोचण्याआधीच वाट वळते आहे.

यूईएफआय संगणकात निवड दोन टप्प्यांत होते. पहिली निवड फर्मवेअर करते. मदरबोर्डवरील कायमस्वरूपी मेमरीत ‘बूट ००००’, ‘बूट ०००१’ अशा क्रमांकांच्या नोंदी असतात, प्रत्येक नोंदीत कोणत्या पार्टिशनवरील कोणती फाइल चालवायची ते लिहिलेले असते आणि ‘बूट ऑर्डर’ नावाच्या वेगळ्या चलात या क्रमांकांची रांग असते. विंडोजची फाइल ईएफआय पार्टिशनवरील (बूट फाइल ठेवण्याच्या छोट्या विभागावरील) मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरात असते, तर सिक्युअर बूट चालू असताना उबुंटू आणि फेडोरा यांच्या नोंदी आपापल्या फोल्डरातील शिम या छोट्या प्रोग्रॅमकडे बोट दाखवतात आणि शिम पुढे ग्रब सुरू करतो. ग्रबचा मेन्यू ही दुसरी निवड आहे. पहिल्या टप्प्यात विंडोजची नोंद निवडली गेली, तर दुसरा टप्पा येतच नाही.

बिघाड कोणत्या टप्प्यावर आहे हे पडद्यावरूनच बरेचसे ओळखता येते. काहीही न विचारता विंडोज सुरू झाले, तर प्रश्न फर्मवेअरच्या रांगेचा असतो. नुसते ‘ग्रब’ असे लिहिलेली काळी आज्ञारेषा आली, तर ग्रब सुरू झाला आहे, पण त्याला मेन्यूची फाइल मिळालेली नाही. ‘ग्रब रेस्क्यू’ असे दिसले, तर त्याला स्वतःचे मॉड्यूलसुद्धा सापडलेले नाहीत; पार्टिशन काढले, हलवले किंवा त्यांचे क्रमांक बदलले की बहुधा हे होते. सुरक्षा धोरणाचा भंग झाल्याचा संदेश आला, तर शिमची आवृत्ती जुनी ठरवून नाकारली गेलेली असू शकते. ऑगस्ट २०२४ मधील विंडोजच्या सुरक्षा अपडेटनंतर अनेक दुहेरी बूटच्या संगणकांवर असा संदेश आला होता. आपल्याकडे यांपैकी पहिलेच लक्षण आहे. ग्रब पुन्हा बसवला, तर तो फर्मवेअरमध्ये आपली नोंद करून ती रांगेत पुढे ठेवील. म्हणजे आपण हाताने जे केले तेच होईल आणि पुढच्या वेळी तेही पुसले जाईल.

रांग कोण बदलते हे आधी निश्चित करू. उबुंटूला पहिला क्रमांक द्यावा, लॅपटॉप पुन्हा सुरू करावा आणि बूट मेन्यूची कळ वापरून पुन्हा उबुंटूतच जावे. मध्ये विंडोज अजिबात सुरू होऊ देऊ नये. मग रांग पुन्हा पाहावी. ती टिकलेली असेल, तर विंडोज चालू असताना कोणीतरी ती बदलते आहे. विंडोज सुरू न होताही ती उलटली असेल, तर हे फर्मवेअरचेच काम आहे. सोबत ‘एफीबूटएमजीआर’चा ‘व्ही’ पर्यायासह येणारा पूर्ण तपशील इथे द्यावा. (आज्ञा इथे देवनागरीत लिहितो आहे, टर्मिनलमध्ये त्या अर्थातच रोमन अक्षरांत द्याव्यात.)

या सगळ्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरील माहिती कुलूपबंद करण्याची सोय) चालू आहे का ते पाहावे. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ नव्या लॅपटॉपवर ते मालकाच्या लक्षात न येता चालू झालेले असते. चालू असल्यास ४८ अंकी रिकव्हरी की मायक्रोसॉफ्ट खात्यातून पाहून कागदावर उतरवून ठेवावी. ती हाताशी नसताना बूटच्या सेटिंगला हात लावणे मला धोक्याचे वाटते.

प्रतिसाद २

इतक्या खोलात जाण्याची गरज नाही. सिक्युअर बूट बंद करा, लेगसी मोड म्हणजे सीएसएम चालू करा आणि ग्रब एमबीआरमध्ये, म्हणजे डिस्कच्या पहिल्या सेक्टरमध्ये, बसवा. जुन्या संगणकांवर असेच करत होते आणि क्रमाची कटकट नव्हती.

प्रतिसाद ३

वरील सल्ला या लॅपटॉपला लागू होत नाही आणि तो पाळल्यास चालू असलेले विंडोजही बंद पडेल. बायोस पद्धतीने सुरू होताना विंडोजला बूट डिस्कवर एमबीआर या जुन्या प्रकारचा तक्ता लागतो. जीपीटी डिस्कवरील विंडोज फक्त यूईएफआय पद्धतीनेच सुरू होते. शिवाय जुन्या पद्धतीत डिस्कच्या ५१२ बाइटच्या पहिल्या सेक्टरमध्ये बूट कोडसाठी जेमतेम ४४६ बाइट असत आणि त्या जागेवर एका वेळी एकाच बूटलोडरचा ताबा राहत असे. विंडोज नव्याने बसवले की ग्रब पुसला जाण्याची तक्रार त्यातूनच येत असे. यूईएफआयमध्ये प्रत्येक सिस्टिमची फाइल वेगळ्या फोल्डरात सुखाने नांदते. ही सोय सोडून मागे जाण्यात काही अर्थ नाही. अलीकडच्या अनेक लॅपटॉपमध्ये सीएसएम हा पर्यायच नसतो, हे तर वेगळेच.

सिक्युअर बूट बंद करण्यानेही इथे काही साधणार नाही, कारण उबुंटू आणि फेडोरा बूट मेन्यूतून निवडल्यावर सुरू होत आहेत, म्हणजेच त्यांच्या स्वाक्षऱ्या फर्मवेअरला मान्य आहेत.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

सविस्तर उत्तरांबद्दल आभार. सांगितल्याप्रमाणे मध्ये विंडोज सुरू न होऊ देता चाचणी केली. पुन्हा उबुंटूत गेल्यावर रांग उलटलेलीच होती. आज्ञेने दाखवलेल्या माहितीचा सारांश असा:

सध्याचे बूट: ०००३
रांग: ००००, ०००३, ०००४, ०००५
०००० – विंडोज बूट मॅनेजर
०००३ – उबुंटू
०००४ – फेडोरा
०००५ – उबुंटू

मी रांग ०००३, ०००४, ०००० अशी केली होती. नोंदी शिल्लक राहतात, फक्त विंडोज पुढे येते. उबुंटूची नोंद दोनदा का दिसते ते कळले नाही. डिव्हाइस एन्क्रिप्शन खरोखरच चालू निघाले. रिकव्हरी की उतरवून ठेवली आहे.

प्रतिसाद १ (पुढे)

नोंदी टिकतात आणि फक्त क्रम बदलतो, ही माहिती फार उपयोगाची आहे. आपले फर्मवेअर प्रत्येक वेळी सुरू होताना स्वतःच्या सेटिंगवरून रांग नव्याने रचते आहे. काही फर्मवेअरमध्ये साधनांचे वर्ग ठरलेले असतात, म्हणजे आधी हार्ड डिस्क, मग यूएसबी, मग नेटवर्क. आणि प्रत्येक वर्गात कोणती नोंद पुढे राहील, हे एका वेगळ्या उपमेन्यूत साठवलेले असते. ऑपरेटिंग सिस्टिममधून आपण रांग बदलली, तरी पुढच्या वेळी हा साठवलेला क्रम तिच्यावर लादला जातो. फर्मवेअर अपडेट करताना ही सेटिंग मूळ स्थितीला गेली असणार आणि त्या वर्गात विंडोज पुन्हा पुढे आले असणार.

म्हणून आज्ञा बाजूला ठेवून फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जावे. आपण पाहिलेली साधनांची यादी ही वर्गांची यादी आहे. तिच्या खाली, बहुतेक वेळा पडदा खाली सरकवल्यावरच, ‘यूईएफआय हार्ड डिस्क ड्राइव्ह बीबीएस प्रायॉरिटीज’ किंवा त्याच धर्तीचे, हार्ड डिस्कच्या जागी एनव्हीएमई लिहिलेले नाव दिसते का ते पाहावे. एएमआय या कंपनीच्या फर्मवेअरवर आधारलेल्या बऱ्याच मदरबोर्डवर ते असते. नावातील बीबीएस म्हणजे बायोस बूट स्पेसिफिकेशन हा १९९६ सालचा दस्तऐवज, यूईएफआयच्या कितीतरी आधीचा. त्यामुळे हे शीर्षक पाहून हा पर्याय जुन्या पद्धतीसाठी असावा, असे समजून लोक तो उघडतच नाहीत. उघडल्यावर आत विंडोज बूट मॅनेजर, उबुंटू आणि फेडोरा ही नावे असायला हवीत. तिथे उबुंटूला पहिले करून बदल जतन करावेत.

असा उपमेन्यू नसेल, तर विंडोजच्या बाजूने एक उपाय आहे. प्रशासक अधिकाराने कमांड प्रॉम्प्ट उघडून ‘बीसीडीएडिट’ या आज्ञेने बूट मॅनेजरच्या नोंदीतील फाइलचा मार्ग उबुंटूच्या शिमकडे वळवता येतो. फर्मवेअरला ती विंडोजचीच नोंद वाटते, म्हणून ते तिला पुढे ठेवते, पण प्रत्यक्षात सुरू होतो ग्रब. पॉवरशेलमध्ये हीच आज्ञा देताना महिरपी कंसातील ‘बूटएमजीआर’ हा शब्द कंसासह अवतरणचिन्हांत घालावा लागतो, नाहीतर आज्ञा चुकीची ठरते. हा उपाय चालतो, पण मला तो दुसऱ्या पसंतीचा वाटतो, कारण विंडोजची स्टार्टअप दुरुस्ती चालवली की तो मार्ग पूर्ववत होऊ शकतो.

आणखी एक उपाय सुचवला जातो, तो मात्र करू नये. तो म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या फोल्डरातील मूळ बूट फाइलचे नाव बदलून तिच्या जागी ग्रबची फाइल ठेवणे. विंडोज अपडेट ती फाइल कधीही पुन्हा लिहू शकते आणि मग सारे पूर्वपदावर येते. शिवाय ग्रबच्या मेन्यूतील विंडोजची ओळ जुन्याच नावाची फाइल उघडत असल्याने ग्रब पुन्हा ग्रबलाच सुरू करत बसतो.

प्रतिसाद ३ (पुढे)

वरील विवेचनाला एक जोड देतो. काही फर्मवेअरमध्ये याच्या उलट दोष असतो: क्रम नव्हे, तर नोंदीच नाहीशा होतात. डिस्क काढून परत जोडली, सेटिंग मूळ स्थितीला नेली किंवा फर्मवेअर बदलले की असे घडते. अशा संगणकांवर ईएफआय पार्टिशनवरील ‘बूट’ नावाच्या फोल्डरातील ‘बूटएक्स६४’ या ठरलेल्या नावाच्या फाइलचा आधार घेता येतो. एकही वैध नोंद नसताना फर्मवेअर हीच फाइल शोधते. यूएसबीवरून लिनक्स सुरू होते तेही हिच्यामुळेच. डेबियनमध्ये ग्रबचे पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करताना ग्रबची जादा प्रत या जागी ठेवण्याचा पर्याय विचारला जातो. आपल्या लॅपटॉपवर नोंदी शाबूत आहेत, त्यामुळे आपल्याला याचा उपयोग नाही. पण शीर्षक वाचून येणाऱ्या दुसऱ्या कोणाला तो होईल. आणि नोंद नव्याने करायची असल्यास, यूएसबीवरील लिनक्स यूईएफआय पद्धतीनेच सुरू झाले आहे ना, हे आधी पाहावे. ‘सिस’मधील ‘फर्मवेअर’ या फोल्डरात ‘ईएफआय’ फोल्डर नसेल, तर ते जुन्या पद्धतीने सुरू झालेले आहे आणि त्या स्थितीत ‘एफीबूटएमजीआर’ला काहीच करता येत नाही.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

उपमेन्यू सापडला. तो बूटच्या पानाच्या अगदी तळाशी होता आणि नाव नेमके आपण लिहिले तेच होते. त्यात उबुंटूला पहिले केल्यावर ग्रबचा मेन्यू पूर्वीप्रमाणे येतो आहे आणि विंडोज वापरून परत सुरू केल्यावरही क्रम टिकतो आहे.

मात्र आता ग्रबच्या मेन्यूतून विंडोज निवडले की रिकव्हरी की मागितली जाते. फर्मवेअरच्या बूट मेन्यूतून विंडोज निवडले तर ती मागितली जात नाही. फर्मवेअर बदलण्यापूर्वी असे होत नव्हते. यावर उपाय आहे का? आणि फेडोराचा मूळ प्रश्नही बाकी आहे.

प्रतिसाद १ (पुढे)

रिकव्हरी की मागितली जाण्याचे कारण टीपीएम या सुरक्षा चिपमध्ये आहे. संगणक सुरू होताना कोणकोणते प्रोग्रॅम चालले, याची मोजमापे टीपीएम ठेवते आणि ती ओळखीची असतील तरच डिस्कची किल्ली विंडोजला मिळते. मधल्या काळात विंडोज थेट सुरू होत राहिल्याने किल्ली त्याच वाटेच्या मोजमापांना बांधली गेली. आता मध्ये शिम आणि ग्रब येतात, म्हणून मोजमाप जुळत नाही. विंडोजमधून संरक्षण तात्पुरते थांबवून, ग्रबमार्गे एकदा सुरू करून ते पुन्हा चालू केल्यास किल्ली नव्या वाटेला बांधली जाईल. पण पुढे शिम किंवा ग्रब अपडेट झाले की हाच अनुभव पुन्हा येऊ शकतो.

एन्क्रिप्शन ठेवायचे असेल, तर विंडोजला ग्रबच्या वाटेने न नेणे हाच मला टिकाऊ मार्ग वाटतो. उबुंटूत असताना ‘एफीबूटएमजीआर’ला लहान ‘एन’ हा पर्याय आणि ०००० हा क्रमांक देऊन लॅपटॉप पुन्हा सुरू करावा. हा पर्याय ‘बूट नेक्स्ट’ नावाचे चल लिहितो. फर्मवेअर ते फक्त पुढच्या एका वेळेपुरते मानते आणि पुसून टाकते, कायमची रांग तशीच राहते. आपल्या फर्मवेअरने रांग उलटवली असली, तरी हे चल ते बहुधा पाळेल. एकदा करून पाहावे. ही आज्ञा आणि पुन्हा सुरू करण्याची आज्ञा एका छोट्या स्क्रिप्टमध्ये घालून ठेवली की रोजचे काम सोपे होते.

आता फेडोरा. उबुंटूचा ग्रब दुसऱ्या सिस्टिम ‘ओएस-प्रोबर’च्या मदतीने शोधतो आणि ‘अपडेट-ग्रब’ चालते त्या क्षणी सापडलेल्या कर्नलांची नावे मेन्यूच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. फेडोरा नंतर नवा कर्नल आणते तेव्हा उबुंटूला त्याची खबर नसते. फेडोरा मूळ सेटिंगनुसार तीनच कर्नल ठेवते आणि त्याहून जुना काढून टाकते, त्यामुळे काही अपडेटनंतर उबुंटूच्या मेन्यूतील ओळ अस्तित्वात नसलेल्या फाइलकडे बोट दाखवत राहते. दरवेळी उबुंटूत जाऊन ‘अपडेट-ग्रब’ चालवणे हा उपाय कंटाळवाणा आहे. त्याऐवजी कर्नलाचे नावच घेऊ नये. ‘४०_कस्टम’ या फाइलमध्ये फेडोरासाठी स्वतःची एक नोंद लिहावी. तिच्यात ईएफआय पार्टिशनचा आठ अक्षरी यूयूआयडी (ओळख क्रमांक) देऊन ते शोधावे आणि ‘चेनलोडर’ या ग्रबच्या आज्ञेने फेडोराच्या फोल्डरातील शिम सुरू करावा. मग फेडोराचा स्वतःचा मेन्यू येईल आणि त्यात नेहमी ताजे कर्नल असतील. मेन्यूनंतर मेन्यू, अशी एक जादा पायरी वाढते, ती फेडोराच्या ग्रबची प्रतीक्षा एका सेकंदावर आणून कमी करता येते. सिक्युअर बूटने एका शिममधून दुसरा शिम सुरू करण्यास नकार दिला, तर विंडोजसाठी सांगितलेलीच युक्ती ०००४ हा क्रमांक देऊन वापरावी.

ही नोंद झाल्यावर ‘ओएस-प्रोबर’ बंदच ठेवलेले बरे, म्हणजे न चालणाऱ्या ओळी मेन्यूत येणार नाहीत. ग्रब २.०६ या २०२१ च्या आवृत्तीपासून ते मुळातच बंद असते. आपल्याकडे चालू असेल, तर ‘ग्रब_डिसेबल_ओएस_प्रोबर’ची किंमत ‘ट्रू’ करून ‘अपडेट-ग्रब’ एकदा चालवावे. विंडोजची ओळही त्यामुळे जाईल, पण एन्क्रिप्शनच्या कारणाने ती तशीही नकोच आहे.

प्रश्नकर्त्याचा खुलासा

‘बूट नेक्स्ट’ची युक्ती चालली, विंडोज रिकव्हरी की न मागता सुरू झाले. फेडोराची नोंदही लिहिली आणि सिक्युअर बूटने अडवले नाही. आता फक्त ०००५ ही उबुंटूची दुसरी नोंद उरली आहे. ती काढून टाकावी का?

प्रतिसाद ३ (पुढे)

काढण्यापूर्वी दोन्ही नोंदींचा ‘व्ही’ पर्यायातील तपशील शेजारी ठेवून पाहावा. प्रत्येक नोंदीत पार्टिशनचा लांब ओळख क्रमांक आणि फाइलचा मार्ग असतो. ०००५ मधील ओळख क्रमांक ‘ब्लकआयडी’ या आज्ञेने दाखवलेल्या ईएफआय पार्टिशनच्या पार्टयूयूआयडीशी जुळत नसेल, तर ती पूर्वी कधीतरी बसवलेल्या किंवा आता नसलेल्या डिस्कची नोंद आहे. दोन्हींचा ओळख क्रमांक सारखा असेल, पण एकीत शिम आणि दुसरीत थेट ग्रबची फाइल असेल, तर सिक्युअर बूट चालू असल्याने शिमचीच ठेवावी. खात्री झाल्यावर लहान ‘बी’ पर्यायाला ०००५ हा क्रमांक देऊन सोबत मोठा ‘बी’ लिहावा. फक्त नोंद जाते, डिस्कवरील फाइलला धक्का लागत नाही. नंतर फर्मवेअरच्या त्याच उपमेन्यूत जाऊन उबुंटू अजून पहिल्या क्रमांकावर आहे का ते एकदा पाहून घ्यावे, कारण नोंद कमी झाल्यावर काही फर्मवेअर ती यादी पुन्हा रचतात.